शार्लटची मागची खोली

प्रश्न असा आला आहे: "'प्राइड अँड प्रेज्युडिस' मी पहिल्यांदाच पूर्ण वाचली. एलिझाबेथ आणि डार्सी आवडलेच, पण पुस्तक मिटल्यावर मनात राहिली ती शार्लट ल्यूकस. कॉलिन्ससारख्या माणसाला तिनं होकार दिला हे वाचून आधी राग आला, मग त्या रागाचीच लाज वाटली. माझंही वय २७ आहे. जेन ऑस्टेनच्या मते शार्लट चुकली का?"

तुमचा राग आणि त्यापाठोपाठ आलेली लाज, दोन्ही माझ्या ओळखीची आहेत. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मी ही कादंबरी ३१ वर्षं शिकवली. २२वं प्रकरण आलं की वर्गात दरवर्षी दोन तट पडायचे. मुलं "पैशासाठी केलं" म्हणून मोकळी व्हायची. मुली गप्प बसायच्या, आणि तास संपल्यावर त्यातल्या दोघीतिघी माझ्या टेबलापाशी रेंगाळायच्या. त्या रेंगाळणाऱ्या मुलींमुळे मी शार्लटला नीट वाचायला शिकले. म्हणून उत्तर जरा लांबेल.

ज्यांनी जेन ऑस्टेनची ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात लाँगबोर्न गावी बेनेट कुटुंब राहतं. पाच मुली, मुलगा नाही. दुसरी एलिझाबेथ, वय २० पूर्ण, हुशार आणि हजरजबाबी. शार्लट ही तिची जिवाभावाची मैत्रीण, वय सुमारे २७, दिसायला साधी, डोक्यानं पक्की. बेनेटांची इस्टेट ज्याच्याकडे जाणार तो दूरचा नातलग म्हणजे पाद्री मिस्टर कॉलिन्स. तो एलिझाबेथला मागणी घालतो, ती ठाम नाही म्हणते, आणि तीन दिवसांच्या आत त्याची दुसरी मागणी शार्लटला जाते. शार्लट हो म्हणते. एलिझाबेथ पुढे श्रीमंत डार्सीलाही एकदा नाकारते आणि स्वतःची चूक उमगल्यावर, दुसऱ्यांदा विचारल्यावर, स्वीकारते.

आता हिशेब. या कादंबरीत आकडे सगळीकडे आहेत आणि ते डोळ्यांआड करून ती वाचता येत नाही. मिस्टर बेनेट यांचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड, पण ते सगळं जमिनीचं. आणि त्या जमिनीवर असं बंधन आहे की मुलगा नसेल तर ती मुलींना न मिळता पुरुष वारसाकडे जाते. मुलगा होईल, तो सज्ञान झाला की त्याच्या सहीनं हे बंधन मोडू, या आशेवर बेनेटांनी शिल्लक टाकली नाही, आणि मुलगा झाला नाही. मागे उरतात लग्नाच्या करारात बायको-मुलांच्या नावे ठेवलेले ५,००० पौंड. पाच जणींत वाटले तर प्रत्येकीला १,०००. कॉलिन्स मागणी घालताना एलिझाबेथला तोंडावर सांगतो की आईच्या पश्चात तुला चार टक्क्यांच्या रोख्यांतले १,००० पौंड मिळतील, त्याहून जास्त काही नाही. म्हणजे वर्षाला ४० पौंड. तो ते किती ओंगळपणे बोलतो याचं आपल्याला हसू येतं, पण आकडा त्यानं चुकीचा सांगितलेला नाही.

हे बंधन वर्गात समजावताना मला फारसे कष्ट पडले नाहीत. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या आत्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली तसंच ना?" तसंच नाही, हे मी तिला सांगितलं. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क आहे. आत्याला तो होता आणि तिनं तो सोडला. बेनेटांच्या मुलींना सोडायलाही काही नव्हतं. पण त्या प्रश्नानंतर वर्गातल्या कुणालाही मिसेस बेनेट ही नुसती आरडाओरडा करणारी बाई वाटेनाशी झाली. पाच मुली उजवायच्या आहेत आणि नवऱ्याचा श्वास थांबला की डोक्यावरचं छप्पर जाणार आहे, ती बाई सारखी ज्या 'नसां'ची तक्रार करते त्यांची ही खरी दुखणी.

शार्लटकडे तर तेवढंही नाही. तिचे वडील सर विल्यम मेरिटनचे व्यापारी. महापौर असताना राजापुढे मानपत्र वाचलं, 'सर' झाले, आणि त्या मानाच्या भरात चालता धंदा सोडून ल्यूकस लॉजमध्ये राहायला गेले. घरात मुलं बरीच, मुलीला द्यायला पैसा थोडा. शार्लटचं लग्न ठरतं तेव्हा त्या घरात काय होतं ते जरूर पुन्हा वाचा. धाकट्या बहिणींना आनंद होतो, कारण आता त्यांना एक-दोन वर्षं आधी समारंभांत मिरवता येईल. भाऊ सुटकेचा श्वास टाकतात, कारण बहीण जन्मभर बिनलग्नाची राहण्याची धास्ती गेली. आई हिशेब करू लागते, मिस्टर बेनेट अजून किती वर्षं जगतील. त्या पानावर शार्लटच्या सुखाचा विचार करणारं कुणीही नाही. हे सगळं जेन ऑस्टेन एका परिच्छेदात, आवाज न चढवता सांगते, आणि तो परिच्छेद वाचून मला दरवेळी पोटात तुटतं.

त्या आधीचं दृश्य आणखी जवळून बघण्यासारखं आहे. एलिझाबेथच्या नकारानं दुखावलेला कॉलिन्स सकाळी गुपचूप ल्यूकस लॉजकडे निघतो. शार्लट त्याला माडीच्या खिडकीतून येताना पाहते आणि लगेच निघते, त्याला गल्लीत 'योगायोगानं' भेटायला. एकच वाक्य आहे. पण त्यात खिडकीशी उभी असलेली, मनाशी सगळं आधीच ठरवलेली, शाल सावरून जिना उतरणारी बाई दिसते. (शाल माझी आहे, कादंबरीत नाही, इतकी वर्षं वाचून ती माझ्या डोळ्यांपुढे आपोआप येते.) २७ वर्षं जिची वाट कुणी पाहिली नाही, ती आज स्वतः वाटेत जाऊन उभी राहते. हे वाचून मुलं हसायची. मी त्यांना विचारायची, की माडीवरून खाली येईपर्यंत तिच्या मनात काय चाललं असेल ते पाच ओळींत लिहा. लिहून झाल्यावर कुणी हसत नसे.

मनात काय चाललं होतं ते लेखिका पुढच्याच पानावर सांगते. कॉलिन्स समजूतदार नाही, त्याचा सहवास सुखाचा नाही, त्याचं प्रेम बहुधा त्याच्या कल्पनेतलंच, हे शार्लटला पक्कं ठाऊक आहे. पुरुषांबद्दल किंवा लग्नाबद्दल तिचं मत मोठंसं चांगलं नाही. तरी लग्न हेच तिचं ध्येय राहिलेलं आहे, कारण शिकलेल्या पण पैसा नसलेल्या मुलीला अब्रूनं पोट भरायची तेवढीच एक सोय होती. सुख मिळो न मिळो, गरिबीपासून बचावाचा त्यातल्या त्यात सुसह्य मार्ग तोच. आता यात आवाज कुणाचा ते बघा. वाक्य निवेदकाचं आहे, मन शार्लटचं आहे, आणि दोन्ही असे मिसळले आहेत की कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते सांगता येत नाही. जेन ऑस्टेनची ही खास कला. "शार्लटला असं वाटलं" एवढंच म्हटलं असतं तर आपण बाजूला उभं राहून तिला जोखलं असतं. इथे आपण तिच्या डोळ्यांनी बघायला लागतो आणि मग जोखणं अवघड होतं. तुमचा राग आणि तुमची लाज या एकाच वाक्यातून आल्या असणार, असं मला वाटतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. २००५च्या चित्रपटात शार्लट एलिझाबेथला म्हणते की मी २७ वर्षांची आहे, आईवडिलांवर ओझं झाले आहे आणि मला भीती वाटते. दृश्य चांगलं आहे, पण ते बोलणं कादंबरीतलं नाही. कादंबरीतली शार्लट भीती बोलून दाखवत नाही. "कॉलिन्सशी? अशक्य!" असं एलिझाबेथच्या तोंडून निघून जातं तेव्हा शार्लट क्षणभर गोंधळते आणि मग शांतपणे विचारते, की तुला जो पटला नाही तो दुसऱ्या कुणा बाईला पटूच शकत नाही असं तुला वाटतं का? आणि पुढे, मी स्वप्नाळू नाही, कधीच नव्हते, मला फक्त एक सुखाचं घर हवं आहे. ही कींव मागणारी बाई नाही.

आता मी माझ्या मुद्द्याकडे येते. ३१ वर्षं शिकवून हातात उरलेलं माझं मत असं, की कादंबरीच्या नावातला पूर्वग्रह डार्सीपुरता नाही. एलिझाबेथनं सगळ्यांत आधी ज्या माणसाला चुकीचं वाचलं ती शार्लट आहे. डार्सीची ओळख तर नवी होती. शार्लटला ती वर्षानुवर्षं ओळखत होती.

६व्या प्रकरणात या दोघींचं एक बोलणं आहे. एलिझाबेथची थोरली बहीण जेन आणि डार्सीचा मित्र बिंगली यांचं जुळतंय असं सगळ्यांना दिसतंय. शार्लट म्हणते, जेन आपलं प्रेम फार झाकून ठेवते. जितकं वाटतं त्याहून थोडं जास्तच दाखवलं पाहिजे, नाहीतर बिंगलीला कळणारच नाही. शिवाय लग्नात सुख मिळणं हा निव्वळ नशिबाचा भाग. एलिझाबेथ हसण्यावारी नेते आणि म्हणते, हे तू बोलतेस, पण स्वतः असं कधीच वागणार नाहीस. पहिल्या वाचनात आपणही एलिझाबेथबरोबर हसतो. पण पुढे काय होतं? डार्सी बिंगलीला जेनपासून दूर नेतो, आणि त्याचं एक कारण पुढे एलिझाबेथला लिहिलेल्या पत्रात देतो ते हेच, की जेनच्या चेहऱ्यावर मला प्रेम दिसलं नाही. शार्लटचा शब्द तंतोतंत खरा ठरतो. त्या पायी जेनचा सगळा हिवाळा आणि अर्धं वर्ष झुरण्यात जातं. आणि 'असं कधीच वागणार नाहीस' हा एलिझाबेथचा शब्द १६ प्रकरणांत खोटा ठरतो.

बिंगलीच्या घरी, नेदरफील्डला, नाचाच्या रात्री डार्सी एलिझाबेथकडे येतो तेव्हा शार्लट तिच्या कानात सांगते, की विकम या तरुण लष्करी अधिकाऱ्याच्या नादात या दसपट वजनाच्या माणसाला उगाच दुखवू नकोस. पुढे शार्लटच्या सासरी, हन्सफर्डला, डार्सी वेळी-अवेळी घरी येऊ लागतो तेव्हा ती सरळ म्हणते, तो तुझ्या प्रेमात असणार. एलिझाबेथला तेही हसण्यासारखं वाटतं. म्हणजे जेनबद्दल, विकमबद्दल, डार्सीबद्दल, तिन्ही वेळा शार्लटची नजर बरोबर निघते. कादंबरीची तल्लख बुद्धीची नायिका एलिझाबेथ खरी, पण माणसं आधी ओळखते ती तिची साधी दिसणारी मैत्रीण. पहिल्या वाचनात हे निसटतं, कारण एलिझाबेथचं बोलणं इतकं लखलखीत आहे की बाजूला बसून हळू बोलणारी शार्लट ऐकूच येत नाही.

आणि मग २६वं प्रकरण. माझ्या प्रतीत त्या पानाचा कोपरा दुमडून दुमडून फाटला आहे. एलिझाबेथला मनापासून आवडलेला देखणा विकम अचानक मिस किंगच्या मागे लागतो. तिच्या अंगी नवं काय आलं, तर नुकतीच तिच्या नावावर झालेली १०,००० पौंडांची रक्कम. पैशासाठी लग्नाचा विचार करणारी शार्लट एलिझाबेथच्या मनातून उतरली होती. ती जेनजवळ तिच्याबद्दल फार कडक बोलली होती, तत्त्व आणि सचोटी या शब्दांचे अर्थ एका माणसासाठी बदलता येत नाहीत अशा थाटात. विकमनं तेच केलं तेव्हा? तेव्हा तिला वाटतं, तरुण माणसाला जगायला काहीतरी लागतंच. आणि इथे निवेदक अगदी हळू आवाजात एक वाक्य टाकतो, की एलिझाबेथची नजर शार्लटच्या बाबतीत जितकी स्वच्छ होती तितकी कदाचित इथे नव्हती. बस, एवढंच. पुढे मामी मिसेस गार्डिनर तिला विचारतात तेव्हा एलिझाबेथच उलट विचारते, लग्नाच्या व्यवहारात शहाणपण कुठे संपतं आणि हाव कुठे सुरू होते? प्रश्न चांगला आहे. पण तो तिला शार्लटच्या वेळी पडला नव्हता. पुरुषाचा व्यवहार तिला स्वाभाविक वाटला आणि बाईचा व्यवहार पतन वाटला. विकमकडे निदान नोकरी होती, गाव सोडून कुठेही जायची मोकळीक होती. शार्लटकडे यातलं काय होतं? तुम्हाला शार्लटचा राग आला असेल, तर हे वाक्य पुन्हा वाचा. लेखिकेनं तो राग आधीच ओळखून ठेवलेला आहे.

जेन ऑस्टेनला हे इतकं कळलं कुठून, असं मुली विचारायच्या. तिच्या आयुष्यातल्या काही तारखा शेजारी-शेजारी मांडल्या की बरंच दिसतं. तिचा जन्म १६ डिसेंबर १७७५चा. या कादंबरीचा पहिला खर्डा तिनं १७९६-९७ मध्ये लिहिला, म्हणजे ती स्वतः एलिझाबेथच्या वयाची असताना. कादंबरी छापून आली २८ जानेवारी १८१३ला, ती ३७ वर्षांची असताना. मधे २ डिसेंबर १८०२ची संध्याकाळ आहे. हॅम्पशरमधल्या मॅनीडाउन इस्टेटीचा वारस हॅरिस बिग-विदर यानं तिला मागणी घातली. त्याच्या बहिणी तिच्या मैत्रिणी, घर ओळखीचं, स्थळ म्हणून नाव ठेवायला जागा नाही. ती हो म्हणाली. रात्र गेली आणि सकाळी तिनं शब्द परत घेतला. २७वा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता.

त्या एका रात्रीत ती आधी शार्लट होती आणि सकाळी एलिझाबेथ झाली, असं मला नेहमी वाटतं. आणि त्या नकाराची किंमत तिनं मोजली. १८०५च्या जानेवारीत वडील गेले. आई आणि दोघी बहिणी भावांच्या मदतीवर, आज इथे तर उद्या तिथे राहिल्या. १८०९ मध्ये भाऊ एडवर्डनं चॉटनचं घर दिलं तेव्हा कुठे पाय टेकले, आणि तिथेच या जुन्या खर्ड्याला आजचं रूप आलं. हक्क तिनं प्रकाशक एगर्टनला ११० पौंडांत विकले. भाची फॅनीला लिहिलेल्या पत्रांत तिनं दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. १८१४ मध्ये लिहिलं, की प्रेमाशिवाय लग्न करण्यापेक्षा दुसरं काहीही सोसलेलं बरं. १८१७ मध्ये लिहिलं, की एकट्या बायकांना गरीब होण्याची फार वाईट खोड असते आणि लग्नाच्या बाजूनं हे एक भक्कम कारण आहे. दोन्ही एकाच बाईचे शब्द, एकाच मुलीला लिहिलेले, आणि दोन्ही तिला मनापासून वाटत होते. शार्लटला एलिझाबेथ आणि एलिझाबेथला शार्लट मैत्रीण म्हणून मिळते, ती अशा मनातून.

आता चला शार्लटच्या घरी. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. लग्न ठरल्यावर दोघी मैत्रिणींमध्ये एक पडदा येतो. पूर्वीसारखा विश्वास आता राहणार नाही, हे एलिझाबेथला कळून चुकतं. तरी सासरी निघताना शार्लट तिच्याकडून वचन घेते, की मला भेटायला ये. एलिझाबेथ मार्चमध्ये केंटमधल्या हन्सफर्डला जाते आणि सहा आठवडे राहते.

कॉलिन्स घर दाखवतो. कपाटातल्या फळ्यासुद्धा दाखवतो, कारण त्या त्याची आश्रयदाती आणि डार्सीची मावशी लेडी कॅथरिन हिनं सुचवलेल्या. तो लाजिरवाणं काही बोलला की एलिझाबेथची नजर नकळत शार्लटकडे जाते. एक-दोनदा गालावर किंचित लाली दिसते. बहुतेक वेळा शार्लट शहाणपणानं ऐकतच नाही. बागकाम तब्येतीला किती चांगलं, हे ती अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगते, आणि नवऱ्याला जास्तीत जास्त वेळ बागेत राहायला आपणच उत्तेजन देतो हेही मान्य करते.

आणि मग ती खोली. एलिझाबेथच्या लक्षात येतं, की बायकांनी बसायची खोली घराच्या मागच्या बाजूला आहे. जेवणाची खोली तिच्याहून मोठी, हवेशीर, समोरचं छान दिसणारी. शार्लटसारख्या शहाण्या बाईनं रोज बसायला ती का घेतली नाही? थोड्याच दिवसांत कारण कळतं. कॉलिन्सची पुस्तकांची खोली रस्त्याच्या बाजूला आहे. येणारी-जाणारी प्रत्येक बग्गी त्याला तिथून दिसते, त्यामुळे तो तिथे रमतो. बायकांची खोलीही तशीच आकर्षक असती, तर तो उठून सारखा तिथे आला असता. म्हणून शार्लटनं कमी चांगली खोली घेतली. उजेड कमी, समोर बघायला काही नाही, पण त्या चार भिंतींत ती दिवसाचे काही तास एकटी आहे.

लग्नाच्या कादंबऱ्या मी पुष्कळ वाचल्या, पण एका संसाराचं सगळं गणित एका खोलीच्या निवडीत मांडलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. जेन ऑस्टेन आपल्याला शार्लटचे अश्रू दाखवत नाही, रात्रीबद्दल अवाक्षर काढत नाही. ती फक्त खिडकीची दिशा सांगते. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं यावर परीक्षेत लिहिलं होतं, की आमच्या आईची मागची खोली म्हणजे पहाटेचं स्वयंपाकघर, सगळे उठायच्या आत. तिला मी पूर्ण गुण दिले.

यानंतर ३८वं प्रकरण. एलिझाबेथ परत निघते तेव्हा तिला वाईट वाटतं, पण तिला दिसतं, की शार्लटनं हे उघड्या डोळ्यांनी निवडलं आहे आणि ती दया मागत नाही. घर, संसार, चर्चचं काम, कोंबड्या यांची गोडी अजून गेलेली नव्हती. हा 'अजून' शब्द नीट ऐका. मूळ वाक्यात तो इतका लहान आहे की डोळा सहज पुढे जातो. आज आहे तो समाधानाचा तोल उद्या राहील का, याची हमी लेखिका देत नाही, आणि तो मोडेल असंही म्हणत नाही. मी हा शब्द वर्गात फळ्यावर एकटा लिहायची आणि थोडा वेळ काहीच बोलायची नाही.

तुम्ही म्हणाल, मग प्रेमाची बाजू कुठे आहे? आहे, आणि माझ्या मते कादंबरी शेवटी तिच्याकडेच झुकते. पण कोणत्या प्रेमाकडे, ते बघायला हवं. मिस्टर बेनेट यांनी रूपावर आणि तारुण्यावर भाळून लग्न केलं होतं. थोड्याच वर्षांत आदर संपला आणि ते पुस्तकांच्या खोलीत जाऊन बसले. बायकोची थट्टा हा त्यांचा विरंगुळा झाला. त्यांचीही एक खोली आहे, दार लावून बसायची. एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया १६ व्या वर्षी विकमबरोबर पळून जाते आणि ते लग्न डार्सीला पैसे मोजून लावून द्यावं लागतं. म्हणजे भाळून केलेली लग्नं इथे शार्लटच्या लग्नाहून वाईट निघतात. एलिझाबेथचं लग्न वेगळं ठरतं, कारण त्याआधी दोघांनीही आपण चुकलो हे मान्य केलेलं असतं. डार्सीचं पत्र ती पुन्हा पुन्हा वाचते, एकेक वाक्य तपासते, आणि या क्षणापर्यंत मी स्वतःलाच ओळखत नव्हते असं म्हणते. लक्षात घ्या, डार्सीची ती पहिली मागणी येते ती शार्लटच्याच घरात. शार्लट हन्सफर्डला गेली नसती, तर एलिझाबेथ तिथे आली नसती आणि ते पत्र तिच्या हातात पडलं नसतं.

आणि एलिझाबेथला नशिबाचीही साथ आहे. कॉलिन्सला ती नाही म्हणाली तेव्हा पुढे पेंबर्ली, म्हणजे डार्सीची इस्टेट, आहे हे तिला माहीत नव्हतं. पुढे ते ४० पौंडच होते. तिचं धैर्य खरं आहे, मला त्याचा आदर आहे. पण ती २० वर्षांची होती, आकर्षक होती, आणि आई कांगावा करत असताना "कॉलिन्सशी लग्न केलंस तर मी तुझं तोंड पाहणार नाही" असं म्हणणारे वडील तिच्या पाठीशी होते. सर विल्यम शार्लटला तसं म्हणाले असते का? त्यांनी तर जावयाला लाँगबोर्न मिळालं की दोघांनी राजदरबारी हजर व्हावं, असा बेतही करून टाकला होता.

म्हणून 'चुकली का' याचं माझं उत्तर: शार्लटनं जो हिशेब मांडला त्यात चूक नाही, आणि त्यासाठी तिनं जे दिलं ते लहान नाही. जेन ऑस्टेननं स्वतः तो व्यवहार नाकारला, तरी तो करणाऱ्या बाईला तिनं सगळ्यांत स्वच्छ नजर दिली. तुम्ही आणि शार्लट सारख्याच वयाच्या आहात, पण तुमच्या आणि तिच्या परिस्थितीत फार अंतर आहे. तुमच्या हाताला कमाईची वाट असेल तर तिचा निर्णय तुमच्यासाठी मापदंड होऊ शकत नाही. तिच्याकडून घ्यायची असेल तर नजर घ्या.

पुन्हा वाचाल तेव्हा फक्त ६, २२, २६ आणि ३० ही चार प्रकरणं सलग वाचा, मधलं सोडून द्या. अख्खी वेगळी कादंबरी समोर येते. आणि मग थेट शेवटाकडे या. एलिझाबेथ-डार्सीचं ठरल्याची बातमी लागून लेडी कॅथरिन भडकते, तेव्हा शार्लट वादळ शमेपर्यंत नवऱ्याला घेऊन माहेरी येते, कारण या लग्नाचा तिला मनापासून आनंद झालेला आहे. त्या वेळी ती गरोदर आहे; कॉलिन्सच्या पत्रातून ते आपल्याला आधीच कळलेलं असतं. मुलगा झाला तर लाँगबोर्न पुढे त्याचं. ज्या घरात एलिझाबेथ वाढली, त्या घराची मालकीण म्हणून शार्लट एक दिवस राहायला येईल, आणि तिथेही तिला आधी ठरवावं लागेल, आपण रोज बसायचं कोणत्या खोलीत.